पूर्वतयारीची शाळा आणि घरची भाषा : गोव्याच्या कॅथलिक कोलेजांचा एक भाषिक विचार

‘कॉलेज’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ निश्चित करण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. शाळा संपली की कॉलेज, एवढे आपण गृहीत धरतो. परंतु सोळाव्या शतकातील गोव्याची कागदपत्रे वाचू लागलेल्या अभ्यासकास हा गृहीत अर्थ पदोपदी फसवितो. तेथील पोर्तुगीज ‘कोलेजियु’ या शब्दाने प्रथमतः एक वसतिस्थान सूचित होते : स्वतःचे उत्पन्न असलेले, गुरू आणि विद्यार्थी एकत्र राहतात असे घर. त्या घराच्या एका खोलीत पाच-सहा वर्षांची मुले अक्षरे गिरवीत असत, दुसरीत लॅटिन नामांची रूपे घोकली जात, आणि तिसरीत वयाने वाढलेले विद्यार्थी ईश्वरविद्येच्या प्रश्नांवर वाद घालीत. या सर्वांस मिळून कोलेज म्हणत. अशा संस्थेचे भाषांतर ‘महाविद्यालय’ असे केल्यास चित्र बिघडते, कारण तिच्या कामाचा मोठा भाग आज आपण ज्यास पूर्वतयारीची शाळा म्हणू त्या स्वरूपाचा होता.

येशूसंघाने आपल्या शाळांसाठी १५९९ मध्ये जो अभ्यासक्रम कायम केला तो ‘रातिओ स्तुदिओरुम’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात खालच्या शाळेचे पाच वर्ग ठरविलेले आहेत. व्याकरणाचे तीन, त्यावर साहित्याचा एक आणि सर्वांत वर वक्तृत्वशास्त्राचा एक. हे पाच चढून गेल्यावाचून तत्त्वज्ञानाचे दार उघडत नसे. अमेरिकेत आज ज्या खाजगी कॅथलिक शाळा मुलांना विद्यापीठप्रवेशासाठी तयार करतात, त्यांतील अनेकींचे कूळ या पाच वर्गांपर्यंत पोचते. या व्यवस्थेचा कणा भाषा हाच होता. पूर्वतयारी म्हणजे लॅटिनची तयारी. पुढील सर्व विद्या ज्या भाषेत होती ती भाषा मुलाच्या अंगी मुरविणे, हेच या शाळेचे काम.

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास एक प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही. जे मूल शाळेच्या दारात येते ते मुके नसते. ते एक भाषा घेऊन आलेले असते. दुसऱ्या भाषेची तयारी करून घेताना या पहिल्या भाषेचे शाळा काय करते? तिला बाहेर ठेवते, शिडी म्हणून वापरते की तिच्यात ग्रंथ निर्माण करते? गोव्याच्या कोलेजांचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण सुमारे दोनशे वर्षांच्या अवधीत ही सर्व उत्तरे तेथे एकामागून एक देऊन झाली. त्यांतील एका उत्तराचा लाभ मराठी वाङ्मयास झाला, आणि दुसऱ्या एकाची किंमत कोकणीस द्यावी लागली.

गोव्यातील पहिली अशी संस्था येशूसंघाने स्थापिलेली नाही. १५४१ मध्ये मिगेल व्हाज आणि दियोगु द बोर्बा या दोन धर्मगुरूंच्या पुढाकाराने ‘सांता फे’ म्हणजे पवित्र श्रद्धा या नावाचा एक बंधुसंघ निघाला आणि त्याच्या वतीने एतद्देशीय मुलांसाठी निवासी शाळा बांधण्यास सुरुवात झाली. तिच्या खर्चाची तरतूद कशी झाली हे सांगितलेच पाहिजे. तिसवाडी बेटातील देवळे त्यापूर्वी मोडण्यात आली होती, आणि त्या देवळांकडे चालत आलेल्या जमिनींचे उत्पन्न या कामास लावून देण्यात आले. गावच्या देवाची पूजा, पुराणिकाचे मानधन आणि उत्सवाचा खर्च ज्या उत्पन्नातून चाले त्यावरच ही शाळा उभी राहिली. शिक्षणसंस्थेच्या इतिहासात पायाभरणीच्या दगडाचे वर्णन येते. पायाखाली काय होते याचे वर्णन क्वचितच येते.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोचले, तेव्हा इमारतीचे काम चालू होते. त्याच वर्षी धाडलेल्या पत्रात तेथील चर्च सोर्बोनच्या कोलेजातील चर्चच्या जवळजवळ दुप्पट आहे असे त्यांनी नोंदविले आहे. पॅरिसला शिकलेल्या माणसास ही तुलना सुचणे स्वाभाविक होते. पुढील काही वर्षांत संस्थेचा कारभार येशूसंघाच्या हाती गेला, सांत पावलाचे कोलेज हे नाव तिला मिळाले, आणि हे नाव इतके रूढ झाले की त्या संघाच्या पाद्र्यांनाच लोक ‘पावलिस्त’ म्हणू लागले.

आरंभीच्या नियमांत भाषेविषयी जी चिंता दिसते ती आजच्या शिक्षकासही विचारात पाडील. शाळेत घ्यावयाची मुले फार लहान असू नयेत, कारण फार लहानपणी घर सुटले तर ती आपली भाषा विसरतील, आणि मग परत गेल्यावर आपल्या लोकांशी बोलणार कोण, असा तो विचार होता. मुलांनी आपल्या भाषेशी संबंध राखावा अशी अपेक्षा त्यामागे होती. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. तरी व्यवहारात याचा परिणाम असा की शाळेची भाषा लॅटिन आणि पोर्तुगीज असूनही घरच्या भाषेस तेथे एक मान्य स्थान होते. गोमंतकीय मुलांबरोबर मलबार, बंगाल, मलाया, मोलुक्का आणि आबिसीनिया येथील मुले त्या छपराखाली राहत. १५४८ मध्ये अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ आपल्या दोन सोबत्यांसह तेथे शिकत होता. बाप्तिस्म्यात त्याने घेतलेले नाव होते पाउलु द सांता फे, म्हणजे शाळेचेच नाव. पुढील वर्षी तोच झेवियर यांचा दुभाषी होऊन जपानला गेला. पूर्वतयारीच्या शाळेने दुभाषी तयार करावा, ही कल्पना त्याच्या रूपाने पुरी झाली असे म्हणता येईल.

१५५६ मध्ये एक छापखाना या कोलेजात येऊन राहिला. तो निघाला होता आबिसीनियास; तेथील नियोजित धर्माधिकाऱ्याबरोबर तो पाठविण्यात आला होता. प्रवास गोव्यातच थांबला आणि भारतातील छपाईचा आरंभ अशा रीतीने काहीशा योगायोगाने झाला. पहिल्या वर्षी जे छापले गेले ते विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठी लागणारे सिद्धांतपत्र होते, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. या देशातील पहिला मुद्रित मजकूर परीक्षेच्या कामाचा होता!

छापील पुस्तके एका दाराने येत असताना हस्तलिखिते दुसऱ्या दाराने आत आली, आणि ती मागून आणलेली नव्हती. १५५९ च्या सुमारास एका ब्राह्मणाच्या घरातून त्याचा ग्रंथसंग्रह उचलून सांत पावलाच्या कोलेजात आणण्यात आला. त्यात व्यासाच्या नावावरील ग्रंथांची देशी भाषांतरे होती. पाद्र्यांनी त्यांतील भाग पोर्तुगीजमध्ये उतरवून घेतले, ते खंडनासाठी. पण खंडन करावयाचे तर आधी वाचावे लागते, आणि वाचावयाचे तर ते लिहून घ्यावे लागते. आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रोमन लिपीत उतरविलेली जी गोमंतकीय हस्तलिखिते आहेत, त्यांत महाभारत-रामायणातील कथा जुन्या कोकणी गद्यात आणि काही काव्ये मराठी ओवीत आढळतात. ती येशूसंघाच्या अशाच अभ्यासातून निर्माण झाली असे अभ्यासकांचे मत आहे. मारियानु साल्दान्य यांनी त्यांच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. सोळाव्या शतकातील कोकणी गद्याचा एवढा मोठा साठा अन्यत्र नाही. ज्या हातांनी ग्रंथ हिरावले त्याच हातांनी त्यांची प्रत राखली, हा विरोध आपण सोडवू शकत नाही. तो नोंदवून पुढे जावे.

आता साष्टीकडे वळू. तिसवाडीच्या दक्षिणेस असलेल्या या प्रांतात १५७४ मध्ये मडगाव येथे येशूसंघाने दुसरे कोलेज काढले. प्रांत अशांत होता. कोलेजावर हल्ला झाल्यावर ते रायतूरच्या किल्ल्याच्या आश्रयास नेण्यात आले. याच रायतूरास पोर्तुगीज ‘राशोल’ म्हणत. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच पाद्री मारले गेले आणि त्यानंतर सत्तेने घेतलेला सूडही इतिहासास ठाऊक आहे. मधल्या काळात कोलेज एकदा मडगावास परत गेले. अखेर १ नोव्हेंबर १६०६ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, रायतूर येथे नव्या इमारतीची कोनशिला बसली, म्हणून संस्थेचे नाव ‘सर्व संतांचे कोलेज’ असे पडले. नंतर ते बदलून इग्नाशियस लोयोला यांचे नाव देण्यात आले. जुवारी नदीच्या काठी टेकडीवर ती भव्य वास्तू आजही उभी असून तेथे धर्मगुरूंचे शिक्षण चालू आहे.

रायतूरच्या कोलेजात कोणत्या भाषा नांदत होत्या, हे नीट पाहिले पाहिजे. वर लॅटिन, ती पूजेची आणि शास्त्राची. कारभाराची भाषा पोर्तुगीज. मुलांच्या तोंडी कोकणी. पाद्री तिला ‘कानारीं’ किंवा ‘ब्राह्मण भाषा’ म्हणत. आणि चौथी मराठी. गावोगावच्या देवळांत जे पुराण सांगितले जाई, जी ओवी गायिली जाई, ती मराठी होती; पाद्र्यांच्या लेखनात तिचे नाव ‘मराष्ट’ असे येते. सामान्य गोमंतकीयाच्या जीवनात कोकणी आणि मराठी यांची कामे वेगळी होती. बोलण्यास एक, ऐकण्यास दुसरी. बाजार एकीत, पुराण दुसरीत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये अशा रचनेचे सविस्तर विवेचन करून तिला जे नाव दिले त्याला आपण द्विस्तर भाषाव्यवहार म्हणू. फर्ग्युसन यांचे विवेचन एकाच भाषेच्या दोन रूपांपुरते होते. गोव्याच्या बाबतीत ती दोन रूपे की दोन भाषा हा वाद जुना असून अ. का. प्रियोळकरांपासून अनेकांनी तो हिरिरीने लढविला आहे. प्रस्तुत विवेचनास त्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. कामे वेगळी होती, एवढे पुरे.

आपल्या भागातील विद्यार्थ्यास हे समजण्यास लांब जावे लागत नाही. माजरीसारख्या कोळसा खाणींच्या वसाहतीत घरात गोंडी, तेलुगू किंवा छत्तीसगढी, रस्त्यावर हिंदी आणि वऱ्हाडी वळणाची मराठी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि आता वरच्या पायरीवर इंग्रजी, अशी उतरंड एकाच मुलाच्या डोक्यावर असू शकते. त्या मुलास आपण किती भाषा बोलतो हे विचारले तर ते बहुधा एक-दोनच सांगेल. बाकीच्यांस भाषा म्हणावे असे त्याला कोणी शिकविलेले नसते.

येशूसंघाच्या पाद्र्यांनी ही उतरंड ओळखली, यात त्यांचे भाषाविषयक चातुर्य दिसून येते. मुलांना पाठ करावयाची प्रश्नोत्तरे त्यांनी कोकणीत लिहिली, आणि मोठ्यांना ऐकवावयाचे काव्य मराठीत. हे काम ज्याने सर्वाधिक केले तो थॉमस स्टीफन्स हा इंग्रज होता. त्याचा जन्म सुमारे १५४९ चा, विल्टशरमधील. कॅथलिक म्हणून स्वदेशात राहणे कठीण झाल्याने तो रोमला गेला, १५७५ मध्ये येशूसंघात शिरला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. तेथील कोलेजाचा तो प्रमुखही होता. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी त्याने भावास लिहिलेल्या पत्रात या देशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असे निरीक्षण आहे. विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या व्याख्यानापूर्वी दोनशे वर्षे! अर्थात स्टीफन्सने त्यावरून भाषाकुलाचा सिद्धांत मांडला नाही, आणि त्याच्या नावावर तो चढविणे योग्य होणार नाही. पण लॅटिन व्याकरणाचे तीन वर्ग ज्याच्या अंगात मुरले आहेत अशा माणसाने कोकणीच्या विभक्ती ऐकल्या, तर त्याला काय ऐकू येईल याचा हा नमुना आहे. पूर्वतयारीच्या शाळेतील घोकंपट्टी कधी कधी अशीही उपयोगी पडते.

त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून निघाले. पहिल्या पुराणात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१ मिळून १०,९६२ ओव्या. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ साल्दान्य यांनी हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरास ग्रंथ छापला, तेव्हा तो अभ्यासकांस पुन्हा प्राप्त झाला. त्यानंतर लंडनच्या एका संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताचा शोध जस्टिन ॲबट यांनी लावला. शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत संपादून १९५६ मध्ये पुण्यास प्रसिद्ध केला, आणि मराठी वाचकास तो मराठी लिपीत मिळाला.

या ग्रंथाच्या प्रारंभीचा एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. रविवारची वेळ आहे, साष्टीत मुलांना धर्मपाठ शिकविला जात आहे, आणि एक ब्राह्मण पाद्री गुरूस विनंती करतो. तिचा आशय असा : तुम्ही शिकविता ते उत्तम आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी दुसरे काही पुराण आम्हांला का करून देत नाही? स्टीफन्सने ही विनंती काव्याची योजना म्हणून रचली असेल, किंवा तसे खरोखर कोणी विचारले असेल. तिचा भाषिक अर्थ मात्र स्पष्ट आहे. शाळेतल्या प्रश्नोत्तरांनी भाषेचा एक स्तर भरला होता. दुसरा, पुराणाचा स्तर, बंदी घातल्यामुळे रिकामा पडला होता. रिकामा पडलेला स्तर लोकांना बोचतो. तो भरण्यासाठी स्टीफन्सने ओवी घेतली, वैकुंठ हा शब्द घेतला, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतून आलेले काव्याचे वळण घेतले, आणि निव्वळ मराठी सर्वांस कळत नाही म्हणून ब्राह्मण भाषेतील सोपे शब्द तिच्यात मिसळले, असे त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगितले आहे. आपल्या काव्याचे भाषिक मिश्रण मोजून-मापून केले असे सांगणारा दुसरा जुना मराठी कवी मला आठवत नाही.

लिपीची अडचण राहिली. १६०८ मध्ये रोमला धाडलेल्या पत्रात त्याने या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापण्याची आपली फार वर्षांची इच्छा बोलून दाखविली आणि ती का सफल झाली नाही हेही सांगितले : युरोपास चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सहाशे लागतील. सहाशे हा आकडा जोडाक्षरे आणि स्वरचिन्हांसह येणारी सर्व रूपे धरून आलेला आहे. म्हणून मराठी काव्य रोमन अक्षरांत छापावे लागले. त्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी लेखनपद्धती बसविली ती ध्वनिविचाराच्या दृष्टीने उत्तम आहे. रोमन लिपीत दंत्य आणि मूर्धन्य यांत भेद नाही. या पद्धतीत मूर्धन्य ध्वनीसाठी अक्षर दोनदा लिहिले : एक ‘टी’ म्हणजे त, दोन म्हणजे ट, एक ‘एल’ म्हणजे ल, दोन म्हणजे ळ. श हा ध्वनी पोर्तुगीज वळणाने ‘एक्स’ या अक्षराने दाखविला. नासिक्य स्वरासाठी शब्दान्ती ‘एम’ ठेविला. आज गोव्यात रोमन लिपीत जी कोकणी छापली जाते, तिच्यात जोड अक्षरांची ही युक्ती जिवंत आहे. चारशे वर्षे टिकलेली ही लेखनपद्धती मुळात शाळेतल्या मुलांना आणि नवख्या पाद्र्यांना वाचता यावे यासाठी घडविलेली होती.

स्टीफन्सच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये त्याची कोकणी प्रश्नोत्तरी आणि १६४० मध्ये त्याचे कोकणी व्याकरण रायतूर येथे छापले गेले. हे व्याकरण दियोगु रिबैरु याने वाढविले आणि इतर पाद्र्यांनी तपासले होते. आधुनिक भारतीय भाषांपैकी एकीचे हे पहिले मुद्रित व्याकरण म्हणून गणले जाते. दरम्यान एतियेन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्र्याचे सेंट पीटरवरील मोठे मराठी काव्य १६२९ मध्ये आले. थोडक्यात, पूर्वतयारीच्या एका शाळेभोवती कोश, व्याकरण, प्रश्नोत्तरी आणि महाकाव्य अशी चारही साधने उभी राहिली. सतराव्या शतकाच्या आरंभी धर्मपरिषदांनीही गावच्या पाद्र्यास गावची भाषा आली पाहिजे असा आग्रह धरला होता.

हे फार काळ टिकले नाही. पाद्र्यांनी लोकांची भाषा शिकण्यापेक्षा लोकांनीच पोर्तुगीज शिकावी, हे म्हणणे बळावत गेले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले : तीन वर्षांच्या आत एतद्देशीयांनी आपली भाषा टाकून सर्व व्यवहारांत पोर्तुगीज बोलावी. फर्मानाने भाषा मरत नाही, आणि कोकणी मेली नाही. स्वयंपाकघरात, शेतात आणि बाजारात ती चालूच राहिली. पण भाषेचे वरचे स्तर फर्मानाने नक्की तुटतात. १७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सु द सांता मारिया यांनी धर्मगुरुपदासाठी आणि विवाहासाठीही पोर्तुगीजचे ज्ञान आवश्यक ठरविले. १७५९ मध्ये येशूसंघच पोर्तुगीज राज्यातून घालविला गेला, आणि काही वर्षांत रायतूरचे कोलेज धर्मप्रांताच्या सेमिनारीत रूपांतरित झाले. ख्रिस्तपुराणाच्या प्रती घराघरांत हस्तलिखित रूपाने जिवंत राहिल्या त्या बऱ्याच अंशी मंगळूरच्या बाजूस, गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. शाळेने सोडलेले काव्य चुलीपाशी आणि उपवासाच्या दिवसांत गायिले जात होते.

यानंतरच्या शतकात रायतूरची सेमिनारी वेगळ्याच अर्थाने पूर्वतयारीची शाळा बनली. गोव्यात सामान्य माध्यमिक शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून धर्मगुरू न होऊ इच्छिणाऱ्या घरांतील मुलेही लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकण्यासाठी सेमिनारीत जात आणि तेथून वकिलीकडे किंवा सरकारी नोकरीकडे वळत. १८५४ मध्ये पणजीस लिसेव निघाल्यावर ही गरज कमी झाली. या सर्व काळात वर्गाची भाषा पोर्तुगीज होती. घरची भाषा वर्गात नव्हती, एवढेच म्हणून भागत नाही. ती वर्गात आणणे ही अशिक्षितपणाची खूण ठरली होती. १८५७ मध्ये कुन्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्याने स्टीफन्सच्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती काढली आणि पाठोपाठ कोकणीवर ऐतिहासिक निबंध लिहून गोमंतकीयांना आपल्या भाषेकडे पाहण्यास सांगितले. हे एका पोर्तुगीजाला सांगावे लागले.

मुंबईची कथा निराळी भासते, पण तिचे व्याकरण तेच आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिक्युलेशन या परीक्षेने पूर्वतयारी या शब्दास नेमका अर्थ दिला : मॅट्रिक झालेला तो तयार, न झालेला तो कच्चा. पुढे ‘मॅट्रिक’ आणि ‘नॉनमॅट्रिक’ हे शब्द मराठीत माणसाच्या नावापुढे लागू लागले, वरसंशोधनात वापरले जाऊ लागले. मुंबईतील धर्मप्रांत या सुमारास जर्मन येशूसंघाकडे आला होता. त्यांनी १८६३ मध्ये वांद्र्यास सेंट स्टॅनिस्लॉस, १८६४ मध्ये माझगावास सेंट मेरीज आणि १८६९ मध्ये सेंट झेवियर्स या संस्था काढल्या. पुण्यास १८६७ मध्ये सेंट व्हिन्सेंट्स निघाली. रातिओच्या पाच वर्गांची परंपरा असलेल्या या मंडळींनी ती मॅट्रिकच्या चौकटीत बसविली. लॅटिनची जागा इंग्रजीने घेतली आणि लॅटिन स्वतः ऐच्छिक अभिजात भाषांत, संस्कृत आणि फारसी यांच्या शेजारी, जाऊन बसली. मराठीस त्या काळी विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत स्थान नव्हते. ते मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले.

गोव्यातील पालकांनी वारा ओळखला. पोर्तुगीज शिकून गोव्यात नोकरी किती मिळणार? मुंबई, कराची आणि पूर्व आफ्रिका येथील नोकऱ्या इंग्रजीच्या होत्या. १८८७ मध्ये फादर विल्यम लायन्स यांनी बारदेशातील हडफडे येथे सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली. पोर्तुगीज राज्यात राहून ब्रिटिश हद्दीतील परीक्षेची तयारी करून देणारी ही खाजगी कॅथलिक शाळा, हे आपल्या विषयाचे अगदी शुद्ध उदाहरण होय. तिच्यात शिकणारा मुलगा घरी कोकणी बोले, कचेरीत पोर्तुगीज ऐके, चर्चमध्ये लॅटिन उच्चारी आणि इंग्रजीत मॅट्रिकची तयारी करी.

याच १८८७ मध्ये मुंबई-साष्टी भागातील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यांची घरची बोली मराठीची, गाणी मराठी, पण शाळा इंग्रजी. दोन-तीन पिढ्यांत शहरातील घरांतून बोली मागे हटली. वसईत तसे झाले नाही. तेथील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग शेतीवर राहिला, मराठी शाळांतून शिकला आणि मराठीत लिहिता झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच भूमीतले. एकाच धर्माची, एकाच किनाऱ्यावरची, एकमेकांपासून काही कोसांवरची ही दोन गावे. फरक पूर्वतयारी कोणत्या भाषेत झाली याचा होता, असे माझे मत आहे. पोटापाण्याचे साधन हे कारण त्याच्या जोडीस ठेवावे लागेल, हेही मी मान्य करतो.

ओघात आणखी दोन शब्दांकडे लक्ष वेधतो. कोकणीतील ‘इस्कोल’ पोर्तुगीज ‘एस्कोला’वरून आला, आपल्याकडील ‘इस्कूल’ इंग्रजी ‘स्कूल’ला आपल्या जिभेने आरंभी इ जोडून झाला. दिसण्यात भावंडे, जन्माने परकी. उलट पोर्तुगीज ‘मेस्त्र’ म्हणजे शिक्षक, उस्ताद. गोव्याच्या चर्चशाळेत अक्षरे आणि गायन शिकविणारा तो मेस्त्र. आणि तोच शब्द मराठी मुलखात येताना हातात करवत किंवा थापी घेऊन ‘मिस्त्री’ झाला. शाळेचा गुरू घाट चढताना सुतार आणि गवंडी का झाला, याचे उत्तर शब्दांबरोबर कोण माणसे प्रवास करीत होती यात शोधावे लागेल.

चांदा जिल्ह्यात ही परंपरा फार उशिरा आणि वेगळ्या वाटेने पोचली. १९६२ मध्ये हा जिल्हा नागपूरच्या धर्मप्रांतातून वेगळा काढून केरळातील सिरो-मलबार परंपरेच्या कार्मेलाइट पाद्र्यांकडे सोपविण्यात आला. त्या परंपरेची पूजा शतकानुशतके सुर्यानी भाषेत होत असे. त्याच वर्षी, जुलै १९६२ मध्ये, ती प्रथमच मल्याळमात होऊ लागली. म्हणजे ज्या पाद्र्यांना स्वतःच्या घरची भाषा उपासनेत नुकतीच मिळाली होती, तेच लगेच मराठी, हिंदी आणि तेलुगू शिकण्यासाठी वर्धा नदीच्या खोऱ्यात येऊ लागले. १९७७ मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला. मधल्या काळात त्याच्या कक्षेत आलेला आदिलाबादचा तेलुगू प्रदेश १९९९ मध्ये स्वतंत्र झाला. माजरी जंक्शनवरून वणीकडे वळणारा रेल्वेमार्ग पिंपळखुटीपाशी पैनगंगेच्या दिशेने जातो आणि नदीपलीकडे आदिलाबादला पोचतो. दोन्ही तीरांवर गोंडी आणि कोलामी बोलणारी गावे आहेत, आणि शाळेची भाषा मात्र एका तीरावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू आहे.